पंख्याभोवतीचं कमळ

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात एक जुनं कॉम्प्युटरचं कॅबिनेट पडून असेल. आतलं सगळं केव्हाच बंद पडलेलं, तरी 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून राहिलेलं. आमच्या अनगोळच्या घरातलं कॅबिनेट २००६ सालचं. मी बीईला प्रवेश घेतला तेव्हा आलं, चार वर्षं माझे प्रोजेक्ट सोसले आणि मग कपाटामागे गेलं.

भंगारात देण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं माप ठरवलं. मदरबोर्डचे स्क्रू कुठे येणार, मागच्या जोडण्यांची चौकट कुठे असणार, हे त्यात पक्कं झालं. ते माप अजून चालतं. म्हणजे वीस वर्षांच्या पत्र्याच्या खोक्यात आज दुकानातून आणलेला बोर्ड तसाच बसतो. लांबलचक ग्राफिक्स कार्ड बसेलच असं नाही, कारण जुन्या खोक्यांत हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. आणि पॉवर सप्लाय नवाच घ्या. जुना उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. बाकी खोकं ठणठणीत असतं.

रूपाचं म्हणाल तर सगळी तशीच, फिकट, रंग उडालेल्या भिंतीसारखी. १९९८ साली ॲपलने निळसर, आरपार दिसणारा आयमॅक आणला तेव्हा कॉम्प्युटर दिसायलाही बरा असू शकतो हे लोकांच्या ध्यानात आलं. त्याच सुमाराला हौशी मंडळी आपापली खोकी कापून, रंगवून, दिवे लावून सजवायला लागली. त्याला मॉडिंग म्हणतात. आता तर रंगीत दिव्यांची तयार कॅबिनेटं मिळतात. माझ्या भाचीने तसलंच एक पसंत केलं होतं. काचेचं, सात रंगांचं. मी म्हटलं, आधी घरातलं जुनं बघू. त्यावर हाताने काहीतरी घडवू.

खोक्यावर शिल्प करायचं तर सामान कुठलं, हा पहिला प्रश्न. आम्ही बेळगावची माणसं, मातीत हात घालणं आम्हाला नवीन नाही. दिवाळीत अंगणात किल्ले केलेत, शाडूचे गणपती बघत वाढलोय, आणि जवळच्या खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. पण शाडू सुकताना आकसतो, तडकतो. पंख्याच्या थरथरीत टिकायचा नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस जड आणि ठिसूळ. कागदाचा लगदा हलका खरा, पण गरम होणाऱ्या यंत्राजवळ कागद कशाला? उरतं ते हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील. दोन रंगांचे गोळे सारखे घेऊन मळायचे, काही तासांत दगडासारखं घट्ट होतं, घासता येतं, रंगवता येतं. मी चार पाकिटं आणली आणि कमळाची पानं, फुलं, वेली अशी भरगच्च नक्षी लॅपटॉपवर काढली.

ती बाबांनी बघितली. चष्मा वर केला आणि विचारलं, "हवा कुठनं आत जाणार रे?"

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. अनगोळला लागूनच उद्यमबाग आहे, बेळगावच्या फाउंड्रीचं ठाणं. बाबा तिथे चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा सुटा भाग ओतायचा तर वाळूत त्याच्या आकाराचा साचा लागतो, आणि साचा करायला आधी लाकडात तो भाग जसाच्या तसा घडवावा लागतो. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. 'जसाच्या तसा' हेही खरं नाही म्हणा. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढा मोठा. लहानपणी ती पट्टी भूमितीला न्यायची मला सक्त मनाई होती.

मला हे काम त्यांनी कधी शिकवलं नाही. "तू पंख्याखाली बसून काम कर" एवढंच म्हणायचे. मग पॅटर्न कॉम्प्युटरवर काढून मशीनवर कापायला लागले, हातकामाची मागणी कमी झाली, बाबा निवृत्त झाले. पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत गेल्या. मी आज ज्या प्रकारच्या कामाचा पगार घेतो, त्याच कामाने त्यांचं काम संपवलं. हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही.

एका रविवारी आम्ही तिघं बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती बघायला गेलो. रट्टांच्या राजवटीत १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. मंडपाच्या छतातून काळ्या दगडाचं कमळ खाली लोंबतं, त्याच्या बहात्तर पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर त्या पाकळ्यांवर आहेत. मी फोटो काढत होतो. बाबा मान वर करून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "झकास आहे. पण ह्याला ड्राफ्ट नाही. साच्यातनं सुटायचं नाही."

ड्राफ्ट म्हणजे बाजूंना दिलेला थोडासा उतार. तो नसेल तर पॅटर्न वर काढताना वाळूची भिंत ढासळते. दगड कोरणाऱ्याला त्याची गरज नसते, तो आत वळलेली पाकळीही कोरू शकतो. आम्हाला मात्र एकच पाकळी घडवून तिच्या साच्यातून बाकीच्या काढायच्या होत्या. तेव्हा बस्तीचं कमळ तसंच्या तसं उचलणं शक्य नव्हतं.

बहात्तर पाकळ्याही मावणार नव्हत्या. एका काळाच्या चोवीस घ्यायच्या ठरल्या, बारा मोठ्या आणि त्यांच्या फटींमागून डोकावणाऱ्या बारा लहान. आणि इथेच बाबांनी माझी नक्षी पुसून टाकली. १२० मिलिमीटरचा पंखा हातात धरून बोटाने दाखवलं: मधला गोल मोटरचा, तिथून हवा जात नाही. सगळी हवा जाते ती मोटर आणि चौकट यांच्यामधल्या कड्यातून. त्या कड्यात काहीही आणायचं नाही. फुलाचा मधला गड्डा मोटरच्या समोर, पाकळ्या सगळ्या पंख्याच्या वर्तुळाबाहेर. मधली जागा रिकामी. फिरणारी पाती तिथे दिसतील, तीच आतली पाकळ्यांची रांग. मी सॉफ्टवेअरमध्ये दोन रात्री घालवूनही मला हे सुचलं नव्हतं.

पुढचं काम सांगतो, कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. आधी खोक्यातलं झाडून सगळं बाहेर काढा. भोकं पाडताना लोखंडाचा कीस उडतो, त्यातला एक कण बोर्डवर राहिला तर शॉर्ट होतो. बाजूच्या पत्र्यात पंख्याचं भोक उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून पाडून घेतलं. पाकळ्यांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास दीडशे मिलिमीटर धरला. परीघ ४७१, बाराने भागला की मोठी पाकळी ३९ रुंद. बाबांनी सागवानाच्या तुकड्यात ती पाकळी कोरली. तेवढ्यासाठी ट्रंक उघडली. पटाश्यांना धार लावायलाच एक सकाळ गेली, आणि आईने हॉलमध्ये भुसा नको म्हणून दोघांना गॅलरीत बसवलं. त्या पाकळीवर लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिले आणि तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला. साचाही पॉलिश करून, टाल्कम पावडर मारून त्यात एम-सील दाबायचं काम भाचीचं. चौथ्या पाकळीपासून तिचा हात बसला. कडा पॉलिश पेपरने घासताना तोंडाला मास्क हवाच, ती पूड छातीत जायला नको.

पत्रा पातळ, दाबला की लवतो, आणि एम-सील लवत नाही, तडकतं. त्यावर बाबांचा उपाय दुहेरी होता. आतल्या बाजूने सहा मिलिमीटर प्लायचं कडं स्क्रूने आवळलं. मग पत्रा आणि प्लाय यांतून आरपार बारीक भोकं पाडून प्रत्येक पाकळीखालचं ओलं एम-सील आत ढकललं. आत ते बोंडासारखं पसरून घट्ट झालं. रिव्हेटच की! मधला गड्डा पंख्याच्या तारेच्या जाळीवर चिकटवला. प्लाय आणि पंखा मिळून आत तीनेक सेंटिमीटर जागा खातात, तेव्हा प्रोसेसरचा कूलर किती उंच आहे ते आधी मोजा.

रंगाचा वाद दोन दिवस चालला. भाचीला सोनेरी हवा होता, बाबांना बस्तीच्या दगडासारखा काळा. काळा झाला. सोनेरी फक्त मधल्या गड्ड्याला.

नवा बोर्ड बसवून पंखा सुरू केला तेव्हा मी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. बाबांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली आणि कमळासमोर धरली. धूर सरळ वर जायचा सोडून पाकळ्यांवरून वाकला, मधल्या कड्यातून आत गेला आणि मागच्या पंख्यातून बाहेर आला. बाबांनी उदबत्ती चारी बाजूंनी फिरवली. खालच्या डाव्या पाकळीपाशी धूर किंचित अडखळतो असं त्यांचं म्हणणं पडलं. मला दिसलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी ती पाकळी कानशीने जराशी उतरवली.

भाची आता त्या कॉम्प्युटरवर अभ्यास करते, निदान असं सांगते. तिची मैत्रीण घरचं जुनं कॅबिनेट घेऊन येऊन गेली. ते गेला आठवडाभर गॅलरीत आहे, पुढचं तोंड काढून ठेवलेलं. सागवानाचा नवा तुकडा वाईसमध्ये आवळलाय. काल मी मीटिंगमध्ये असताना बाबांनी दार ढकललं आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने उभं राहून हळूच विचारलं, "एकशेचाळीसचा पंखा मिळतो म्हणे. त्याची मोटर केवढी असते?"