‘४०१’ हा नकार नव्हे

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, रात्रपाळी सुटण्यापूर्वी कच्च्या मालाचा शिल्लक साठा अंतर्गत सर्व्हरवरून आपोआप उतरवून घेणारी एक लहानशी स्क्रिप्ट माझ्या देखरेखीखाली होती. एके पहाटे तिने साठ्याच्या आकड्यांऐवजी ‘४०१’ एवढेच नोंदवून ठेवले. आणि त्या एका आकड्यावरून दप्तरात जे तर्क लढवले गेले, ते मी पुढे उल्हासनगर-बदलापूरच्या कचेऱ्यांतही इतक्या वेळा ऐकले आहेत की, त्यांची एकदा रीतसर शहानिशा व्हावी असे मला मनापासून वाटते.

सर्वांत रूढ समज असा की, ४०१ म्हणजे सर्व्हरने प्रवेश नाकारला. वस्तुतः तो प्रश्न आहे: ‘आपण कोण?’ त्या उत्तराबरोबरच ओळखीचे कोणकोणते मार्ग आपणास मान्य आहेत, निगोशिएट, एनटीएलएम की बेसिक, हेही सर्व्हर कळवीत असतो. ओळख पटूनही अधिकार नसल्याचा निर्णय सामान्यतः ४०३ या क्रमांकाने येतो. एनटीएलएम पद्धतीत तर यशाचा २०० हा आकडा उमटण्यापूर्वी दोनदा ४०१ येणे हाच शिरस्ता आहे: पहिल्या वेळी सर्व्हर ओळख मागतो, दुसऱ्या वेळी ८ बाइटांचे एक आव्हान धाडतो, आणि परवलीच्या शब्दापासून सिद्ध केलेल्या किल्लीने त्या आव्हानाचे यथायोग्य उत्तर मिळाले म्हणजेच दार उघडते. परवलीचा शब्द स्वतः तारेवरून जातच नाही. मात्र ही ओळख त्या एका जोडणीपुरतीच असते. सुरतेकडे जाता-येता स्वार इथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर हे नाव पडले, असे आमच्याकडे सांगतात. एनटीएलएममध्ये वाटेत घोडा बदलला, म्हणजे मधल्या प्रॉक्सीने जोडणी तोडून नवी केली, की स्वाराला आपली ओळख प्रारंभापासून पटवावी लागते.

‘ब्राउझरमध्ये तर पान उघडते, मग स्क्रिप्टलाच काय झाले?’ हा दुसरा आक्षेप. संगणकावर सकाळी आपण जी ओळख देऊन प्रवेश केलेला असतो, तीच ब्राउझर अंतर्गत संकेतस्थळांना न विचारता सादर करतो. स्क्रिप्टला ते स्पष्ट सांगावे लागते, कर्लमध्ये निगोशिएटचा पर्याय देऊन, पॉवरशेलमध्ये ‘यूज डिफॉल्ट क्रेडेन्शियल्स’ लिहून. शिवाय पहाटेची स्क्रिप्ट वेळापत्रकाने चालते ती बहुधा निराळ्याच खात्याच्या नावाने, आणि सर्व्हरपुढे उभे राहते ते खाते, आपण नव्हे.

आमच्या स्क्रिप्टचे मूळ दुखणे मात्र नावात निघाले. कुणीतरी सर्व्हरचे नाव काढून तेथे त्याचा आयपी क्रमांक लिहिला होता, कारण ‘दोन्ही एकच’ अशी समजूत. निगोशिएटमध्ये आधी केर्बेरॉस वापरून पाहिले जाते. १९८० च्या दशकात एमआयटीच्या अथेना प्रकल्पात जन्मलेली आणि विंडोज २००० पासून कचेऱ्यांत रुळलेली केर्बेरॉस पद्धत तिकीट देते ते दप्तरी नोंदलेल्या नावाने. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, तरी रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हटलेले पुरते. केर्बेरॉसला ही मुभा नाही. क्रमांक दिला की तिकीट सामान्यतः मिळत नाही, स्क्रिप्ट एनटीएलएमकडे वळते, आणि आमच्या सर्व्हरवर ते बंद होते. नाव पूर्ववत केले आणि आकडे आले. घड्याळाचेही तसेच: दोन यंत्रांच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक तफावत असेल तर मूळ मांडणीत तिकीट ग्राह्य धरले जात नाही, आणि बदलापूर लोकलने जाणाऱ्याला पाच मिनिटांचे मोल मी सांगायला नको.

बेसिक पद्धतीतील बेस६४ हे कूटलेखन आहे, हा समज तर सपशेल खोटा. ते कुणालाही क्षणात उलगडता येते, म्हणून ती पद्धत एचटीटीपीएसविना वापरूच नये.

आणि सर्वांत घातक समज हा की, अडले तर परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्येच लिहून टाकावा. आमच्याकडे तो खरोखरच लिहिलेला सापडला, तोही एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा. असा शब्द फाइलच्या प्रत्येक प्रतीत आणि बॅकअपमध्ये जातो. आज्ञेच्या ओळीत दिला तर चालू प्रक्रियांच्या यादीतही दिसू शकतो. आणि त्या अधिकाऱ्याने मुदतीप्रमाणे शब्द बदलला की स्क्रिप्ट जुनाच शब्द पुन्हा पुन्हा देऊन त्याचे खाते कुलूपबंद करून ठेवते. लिनक्सवर याकरिता कीटॅब फाइल असते, जी केवळ स्क्रिप्ट चालवणाऱ्या खात्यालाच वाचता यावी. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ‘ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट’ची तजवीज आहे, ज्याचा शब्द कोणाही माणसाला लक्षात ठेवावा लागत नाही आणि जो मूळ मांडणीत दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो.

जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीएलएमच्या सर्व आवृत्त्या कालबाह्य ठरवल्या. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये ‘एनटीएलएम’ हा शब्द अजून आहे, त्यांनी कृपा करून तो याच आठवड्यात शोधावा, तेथे निगोशिएट लिहावे, आणि सर्व्हरचे नाव संपूर्ण घालावे.