बिनतारी पडदा

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत भरे हें गांव आहे. शहर जसजसें पसरत गेलें, तसतसे या बाजूच्या गांवांतून जमिनीचे व्यवहार नित्याचे झाले. सातबाऱ्याचा उतारा पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांतूनच मिळे. आतां तो शासनाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेतां येतो. परंतु घरांतील नातू तो लॅपटॉपवर उघडतो, आणि ज्यांच्या नांवें जमीन आहे त्या आजोबांना तीं बारीक अक्षरें लागत नाहींत. 'काय लिहिलें आहे तें वाचून दाखव,' एवढेंच म्हणणें त्यांच्या हातीं उरतें. समोर भिंतीवर मात्र मोठा दूरदर्शन संच टांगलेला असतो. उतारा त्या पडद्यावर आला, तर क्षेत्र किती, सहहिस्सेदार कोण, इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा आहे कीं काय, हें सारें त्यांना सहीपूर्वीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येईल. धरणाखालीं जाणाऱ्या जमिनींसाठीं १९२१ सालीं ज्या तालुक्यांत सत्याग्रह झाला, तेथें या पाहण्याचें मोल निराळें सांगावयास नको.

तेव्हां प्रश्न असा, कीं घरचा लॅपटॉप तारेवांचून संचाकडे चित्र धाडूं शकतो काय? कांहीं विकत आणण्यापूर्वीं याचें उत्तर घरींच, पैसाही न खर्चतां, मिळूं शकतें.

तारेवांचून चित्र येणें हें पुणेकरांस नवें नाहीं. १९७३ सालीं सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला आणि मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्याच्या घरांतून दिसूं लागले. तेथें पाठविणारा एक आणि घेणारे हजारों होते. येथें पाठविणारा एक व घेणाराही एकच, आणि दोघेही एकाच खोलींत. लॅपटॉप आपल्या पडद्यावरील चित्र क्षणोक्षणीं टिपतो, त्याचें ओझें हलकें व्हावें म्हणून तें आवळून बांधतो आणि वाय-फायच्या लहरींवरून संचाकडे धाडतो. संच तें गांठोडें सोडतो व चित्र पुनः मांडतो. ही बांधणी व सोडणी उभयतांनीं एकाच रीतीनें करावी, यासाठीं वाय-फाय अलायन्स या संस्थेनें २०१२ सालीं मिराकास्ट नांवाची पद्धति रूढ केली. विंडोजमध्यें तिची सोय ८.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, आहे. या कामीं इंटरनेट लागत नाहीं. उतारा एकदां उतरवून ठेवला, कीं पुढें पावसांत जोडणी गेली तरी अडत नाहीं. लॅपटॉपचें वाय-फाय मात्र चालू असावें लागतें.

यावरून ध्यानांत येईल, कीं लॅपटॉपचे दोन भाग या कामास जबाबदार आहेत: चित्र बांधणारा ग्राफिक्सचा आणि तें धाडणारा वाय-फायचा. प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग व विंडोज यांच्यामधला दुभाषा, निराळा असतो. यांपैकीं एकानें जरी नकार दिला, तरी चित्र जात नाहीं.

दोघांची साक्ष एकदमच घेतां येते. विंडोजच्या शोधपट्टींत सी, एम, डी हीं तीन इंग्रजी अक्षरें लिहावीं व काळी खिडकी उघडावी. तींत चार शब्द, प्रत्येकामध्यें जागा सोडून, इंग्रजींत लिहावे: पहिला एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, तिसरा एस-एच-ओ-डब्ल्यू आणि चौथा डी-आर-आय-व्ही-ई-आर-एस. मग एंटरची कळ दाबावी. लांबलचक यादी येईल. तींत 'वायरलेस डिस्प्ले सपोर्टेड' अशी एक ओळ शोधावी. तिच्यापुढें 'येस' असेल तर लॅपटॉप समर्थ आहे. 'नो' असेल तर शेजारच्या कंसांत ग्राफिक्स आणि वाय-फाय यांची उत्तरें वेगवेगळीं दिलेलीं असतात, त्यांवरून अडचण कोठें आहे तें कळतें. ज्याचा नकार आहे त्याचा नवा ड्रायव्हर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेऊन पुनः विचारावें. दुभाषा जुना असला तर उत्तर पालटतें. मूळ भागच जुना असेल तर नकार कायम राहतो.

येथें एक घोटाळा पुष्कळांचा होतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्यें 'प्रोजेक्टिंग टु धिस पीसी' असें एक पान आहे. तें लॅपटॉपनें दुसऱ्याचें चित्र घ्यावें कीं नाहीं, यासंबंधीं आहे. तेथील नकार वाचून निराश होण्याचें कारण नाहीं. आपणांस घ्यावयाचें नसून धाडावयाचें आहे.

लॅपटॉपचा होकार ही अर्धीच साक्ष होय. संचाच्या मेनूंत 'स्क्रीन मिररिंग', 'स्क्रीन शेअर' किंवा तत्सम नांवाची सोय पाहावी व ती चालू करावी. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ धरून 'के' दाबली, कीं जवळच्या संचांचीं नांवें दिसतात. शेजारच्या घरचा संचही त्या यादींत येऊं शकतो; जमिनीचा कागद दाखवावयाचा असतां नांव नीट वाचूनच निवड करावी. संचांत ही सोय नसेल, तर त्याच्या एचडीएमआय खांचेंत बसणारें मिराकास्टचें ग्राहक उपकरण मिळतें. तें घेतांना मिराकास्ट हा शब्द पाहूनच घ्यावें, कारण गूगलची क्रोमकास्ट व ॲपलची एअरप्ले या निराळ्या पद्धति आहेत. ॲपलच्या लॅपटॉपला तर मिराकास्ट समजतच नाहीं. त्यासाठीं एअरप्ले जाणणारा संच लागतो.

आणि लॅपटॉपचें उत्तर अखेर 'नो' असेंच आलें, तर? लॅपटॉप व संच या दोहोंस एचडीएमआयची खांच असल्यास त्या जोडणारी एक साधी तार पुरते. तिला ड्रायव्हरची साक्ष काढावी लागत नाहीं, आणि चित्रही मागें रेंगाळत नाहीं. आजोबांना उतारा वाचावयाचा आहे. तो तारेनें आला काय आणि लहरींनीं आला काय, सहीपूर्वीं वाचला गेला म्हणजे झालें.