पगाराच्या आधी पेट्रोल!

दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कारखाने शहराबाहेर गेले आणि कामगारांच्या वस्त्या शहरात मागे राहिल्या. पाळीच्या वेळेला बस मिळेलच याचा भरवसा नाही, आणि दहा मिनिटे उशीर झाला तर ठेकेदार अर्धा दिवस कापतो. त्यामुळे हप्त्याने घेतलेली जुनी-नवी गाडी म्हणजे कामगाराचे एक हत्यारच झाले आहे. पण या हत्याराला रोज पेट्रोल लागते आणि ते पगार हातात येण्यापूर्वी रोखीने घ्यावे लागते. वाण्याकडे उधारी चालते, शाळेची फी आठ दिवस थांबते, पेट्रोल मात्र थांबत नाही. मग काटछाट होते कशात? दुधात, फळांत, मुलांच्या वह्या-पुस्तकांत आणि घरातल्या बाईच्या औषधात! म्हणून पेट्रोलचा प्रश्न हा गाडीवाल्याचा एकट्याचा नाही, तो सबंध कुटुंबाचा प्रश्न आहे.

भाव वाढतो कसा?

जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलच्या दरावरील नियंत्रण काढले. १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज दर बदलण्याची पद्धत आली. रोजची वाढ पैशांत होते, म्हणून ती कोणाला बोचत नाही. परंतु पैशापैशाने चढत मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोलने लिटरला १०० रुपये ओलांडले.

केवळ परदेशातील तेल महागले म्हणून हे झाले, असे समजू नये. २०२० साली टाळेबंदीच्या काळात कच्चे तेल कवडीमोल झाले होते. तेव्हा आपल्याला स्वस्त पेट्रोल मिळाले का? नाही! मार्च आणि मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क मिळून लिटरमागे १३ रुपयांनी वाढवले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही आपला कर ५ रुपयांनी उतरवला. त्यावर भाव थोडा खाली आला, तरी शंभरीखाली मुंबईकरांना त्यानंतरच्या वर्षांतही पेट्रोल मिळाले नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवले गेले. त्यामुळे केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा.

या करात गरीब-श्रीमंत असा भेद नाही. मोटारीत फिरणारा कारखानदार लिटरमागे जेवढा कर भरतो, तेवढाच त्याच्या कारखान्यातला कंत्राटी मजूर भरतो. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्याबद्दल असेच बोट ठेवले होते. प्राप्तिकर उत्पन्न पाहून घेतला जातो, शेतसारा मात्र लहानात लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही, हा अन्याय त्यांनी सरकारपुढे मांडला. पेट्रोलवरील कराला हा विचार आजही लागू पडतो.

हिशेब मांडा

आमच्या पाहण्यात असे येते की, बहुतेक घरांत वीजबिलाचा आकडा तोंडपाठ असतो, पण पेट्रोलचा महिन्याचा आकडा कोणालाच सांगता येत नाही. कारण रोज ५०-१०० रुपयांचे टाकले जाते. थेंबाथेंबाने गळणारी घागर रिकामी झाल्यावरच कळते.

एक उदाहरण घेऊ. नागपूरच्या इंदोऱ्यातला कामगार हिंगणा एमआयडीसीत जातो. जाऊन-येऊन सुमारे ३० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर. सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. आपल्या पंपावरचा भाव असेल तो घालावा. गाडी ५० चे अॅव्हरेज देत असेल तर खर्च १५६० रुपये, म्हणजे किलोमीटरला २ रुपये. पगार १३ हजार असेल, तर दर १०० रुपयांतले १२ रुपये नुसते कामावर पोचण्यात गेले!

तीच गाडी दुर्लक्षामुळे ४० चे अॅव्हरेज देऊ लागली तर खर्च होतो १९५० रुपये. महिन्याला ३९० आणि वर्षाला ४६८० रुपये जास्त. एका मुलाचा गणवेश, दप्तर आणि वर्षभराच्या वह्या यात बसतात.

घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या आपल्या मुलांनी तर हा हिशेब रोज करावा. एका ऑर्डरला जाऊन-येऊन ८ किलोमीटर झाले की १६ रुपये धुरात गेले. ऑर्डरचे ४० रुपये मिळाले म्हणजे ४० कमावले असे नव्हे. २४ कमावले, आणि त्यातूनच टायर, ऑइल आणि गाडीचा हप्ता जायचा आहे.

हा आकडा काढणे अवघड नाही. टाकी एकदा पूर्ण भरावी, मीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसले ते पाहावे. झालेल्या किलोमीटरना त्या लिटरने भागले की खरे अॅव्हरेज कळते. ही वही शिकणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावी. घराला हिशेबाची शिस्त लागते आणि मुलांना गणित कळते.

पैसा न लागणारे उपाय

चाकातली हवा आठवड्याला तपासावी. हवा कमी असली की गाडी जड चालते आणि पेट्रोल जास्त जाते. पंपावर हवा फुकट मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. एअर फिल्टर साफ ठेवावा, चेनला तेल द्यावे, ब्रेक चाकाला घासत नाही ना ते पाहावे. क्लच अर्धवट दाबून गाडी चालवू नये. वेग ४५ ते ५० च्या आसपास ठेवावा. रेल्वे फाटकावर व मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करावे. मात्र उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे किंवा पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणे, असले उपाय कोणी सांगितले तरी करू नयेत. एकात जीव जातो, दुसऱ्यात इंजिन.

२०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींचे अॅव्हरेज त्याने ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज होता. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहावे, आणि जुन्या गाडीची रबरी नळी मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

माप कमी आल्याची शंका आली तर वाद घालत बसू नये. पंपावर सरकारी शिक्क्याचे ५ लिटरचे माप असते. त्यात मोजून दाखवा, असे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागता येतो. दाद न मिळाल्यास तक्रारवहीत नोंद करावी व वैधमापन खात्याकडे अर्ज द्यावा.

एकट्याने नव्हे, मिळून

सर्वांत मोठी बचत मात्र एकोप्यात आहे. एकाच वस्तीतून एकाच पाळीला दोघे दोन गाड्यांवर जात असतील, तर एका गाडीवर जावे. वरच्या उदाहरणातला १५६० चा खर्च प्रत्येकी ७८० वर येतो. एक आठवडा एकाची गाडी, दुसरा आठवडा दुसऱ्याची. भाडे म्हणून पैसे घेऊ नयेत, खाजगी गाडीला ती परवानगी नाही. पेट्रोल वाटून घ्यावे. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवे.

जिथे सार्वजनिक वाहन आहे तिथे ते नाकारू नये. इंदोरा चौकातून मेट्रोने सीताबर्डीला यावे, तिथे गाडी बदलून हिंगणा मार्गावरील लोकमान्य नगरपर्यंत जाता येते. दिवसपाळीच्या कामगाराने तिकीट आणि पेट्रोल यांची तुलना करून पाहावी. गावी जाताना १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. दुचाकीवर चौघांनी जीव मुठीत धरून जाण्यापेक्षा एसटी बरी.

घरात आणखी एक गोष्ट पाहावी. गाडी नवऱ्याची आणि पायपीट बायकोची, असे अनेक घरांत चालते. धुण्याभांड्याच्या चार कामांना ती उन्हातून चालत जाते आणि संध्याकाळी गाडी नुसती नाक्यावर चकरा मारते. पेट्रोल वाचवायचे तर आधी त्या चकरा बंद कराव्यात.

शेवटी, केवळ आपणच काटकसर करायची आणि मालकाने व सरकारने हात झटकायचे, हे योग्य नाही. पाळीच्या वेळेला कारखान्याची बस किंवा प्रवास भत्ता, आणि वस्तीतून औद्योगिक वसाहतीपर्यंत पहाटे-रात्रीची सिटी बस, ही मागणी संघटनेने लेखी करावी. तोंडी गाऱ्हाण्याला कोणी विचारीत नाही. वीस घरांच्या पेट्रोलच्या वह्या अर्जाला जोडल्या, तर त्या आकड्यांना साहेबाला उत्तर द्यावेच लागेल. या पहिल्या तारखेपासून वही सुरू करा!