ढोलीची राखण

मार्चच्या सुमारास महाधनेशाची मादी एखाद्या उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. लिंपायला विष्ठा, फळांचा गर आणि माती. शेवटी उरते ती एक अरुंद उभी फट. त्या फटीतून नर तिला भरवत राहतो. वड-उंबराच्या कुळातली फळे मुख्य, अधूनमधून सरडा किंवा एखादा लहान जीव. आत बसलेल्या मादीची उडण्याची पिसे झडून जातात आणि नवी येईपर्यंत तिला बाहेर पडता येत नाही. अंडी घालण्यापासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे चार महिने जातात. या काळात नराला गोळी लागली तर ढोलीतले अख्खे कुटुंब उपाशी पडते.

शिवाय धनेशाला सुतार पक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, बुंधा कुजून आपोआप तयार झालेली पोकळीच त्याला लागते आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी पोकळी फक्त म्हाताऱ्या, जाड झाडात सापडते. म्हणून धनेश वाचवायचा म्हणजे आधी विशिष्ट झाडे ओळखायची आणि चार महिने त्यांच्यावर नजर ठेवायची. हे काम कोण करणार, याचे मला पटलेले उत्तर अरुणाचल प्रदेशातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर मिळते.

पक्के ८६२ चौरस किलोमीटरचे आहे. आत कायदा आहे, वनरक्षक आहेत. पण धनेश सीमा बघून घरटे करत नाही. लगतच्या पापुम राखीव वनात आणि गावांच्या आसपासही त्याच्या ढोली आहेत. तिथे न्यिशी लोकांची वस्ती आहे, लाकूडतोड आहे, आणि शिकारीची जुनी रीतही होती. न्यिशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर महाधनेशाची चोच मिरवायची. मान होता, म्हणूनच शिकार होती. पुढे खऱ्या चोचीऐवजी फायबरग्लासची चोच वापरात आली. टोपी राहिली, मानही राहिला. कोणाची परंपरा मोडीत न काढता काढलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

पक्केभोवतालच्या गावबुढ्यांनी म्हणजे गावप्रमुखांनी ‘घोरा-आभे’ नावाची संस्था उभी केली होती. शिकारीवर आणि वृक्षतोडीवर गावानेच दंड बसवायला सुरुवात केली. ही संस्था, राज्याचे वनखाते आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन यांनी मिळून २०११च्या सुमारास ‘घरटे दत्तक’ योजना सुरू केली. धनेशांवर इथे दीर्घकाळ काम करणाऱ्या अपराजिता दत्ता यांना त्यासाठी २०१३ साली व्हिटली पुरस्कार मिळाला.

योजना चालते ती अशी. शहरातला एखादा माणूस वर्षभरासाठी एका घरट्याचा पालक होतो आणि ठरलेली रक्कम देतो. त्यातून गावातल्या राखणदारांचा पगार, दुर्बिणीसारखे साहित्य आणि काही गावोपयोगी खर्च भागतो. वर्षअखेर पालकाला आपल्या घरट्याचा अहवाल मिळतो: मादी आत गेली का, पिल्लू उडाले का, की घरटे फसले.

राखणदार बहुतेक न्यिशी तरुण. त्यांच्यातले काही पूर्वी स्वतः शिकार करत. नेमके म्हणूनच ते उपयोगी. भेलू जातीच्या कोणत्या झाडावर नर वारंवार येतो, हे जंगलात वाढलेल्या माणसाला जितके कळते तितके बाहेरून आलेल्या संशोधकाला कळायला वर्षे लागतात. हंगामाच्या सुरुवातीला ते जुन्या ढोली तपासतात, नव्या शोधतात. झाडाखाली पडलेली विष्ठा आणि बिया ही पहिली खूण. मग लांब, आडोशाला बसून राहायचे. माणूस जवळ दिसला तर नर ढोलीकडे येत नाही आणि आतल्यांचा घास चुकतो. नर किती वाजता आला, काय घेऊन आला, हे वहीत लिहायचे. कुऱ्हाडीचा आवाज आला तर जाऊन बोलायचे, आणि तो माणूस बहुधा शेजारच्याच गावचा असतो. इथे राखणदाराचा शब्द गणवेशापेक्षा जास्त चालतो. पगार दरमहा मिळतो, ही बाबही मी गौण मानत नाही. निसर्गप्रेमाच्या नावाखाली गरिबाला फुकट राबवून घेणारे उपक्रम दोन हंगामांत बंद पडतात.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगायला हवी. ढोलीचे झाड राखता येते, पण भोवतालचे जंगल तुटत गेले तर नराने फळे आणायची कुठून? पापुममध्ये हेच घडत आले आहे आणि काही माणसांच्या पहाऱ्याने ते थांबणारे नाही. त्यासाठी आता देशी झाडांची रोपवाटिका करून उजाड तुकड्यांवर लागवड होते. धनेश तेच काम पूर्वापार करत आला आहे. मोठ्या बियांची फळे गिळून, दूरवर नेऊन टाकणारे पक्षी या जंगलात मोजकेच आहेत.

आपल्या कोकणातही महाधनेश आहे, कवड्या धनेश आहे. त्यांच्या कितीतरी ढोली देवरायांत आणि खासगी रानांत आहेत. तिथे वनखात्याचा अधिकार तोकडा, मालकाचा शब्द मोठा. तेव्हा रान तोडीला देण्यापूर्वी मालकांनी एक फेरी मारावी. जाड बेहडा, आंबा, सातवीण यांच्या बुंध्यावर ढोली दिसली आणि खाली बियांचा सडा असला, तर ते झाड आणि त्याच्या आसपासची वड-उंबराची झाडे व्यवहारातून वगळावीत, आणि ते ठेकेदाराला तोंडी न सांगता कागदावर लिहून घ्यावे.