रॅमची दुसरी स्टिक आणि १५ वॅटचं गणित

१९.२ की ३८.४? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये गेम अडखळत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी आपला आकडा यातला कोणता ते पाहावं. डीडीआर४-२४०० ची एकच स्टिक असेल, तर मेमरीतून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गीगाबाइट माहितीची ने-आण होते. तशीच आणखी एक दुसऱ्या चॅनेलवर बसवली की ३८.४. हिशेब सरळ आहे: चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट, आणि सेकंदाला २४० कोटी खेपा.

या आकड्याला एवढं महत्त्व का? जीटीएक्स १६५० हे तसं साधंच कार्ड. पण २०१९ साली आलेल्या त्याच्या मूळ आवृत्तीत स्वतःची मेमरी होती, तीही सेकंदाला १२८ गीगाबाइटची. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. टेक्स्चर, डेप्थ बफर, तयार झालेलं चित्र, सगळं नेहमीच्या रॅममध्ये, आणि तिथे प्रोसेसरचीही रांग लागलेली. रायझन ५ ३५००यू मधल्या व्हेगा ८ कडे ५१२ शेडर आहेत. एकाच चॅनेलवर त्यातले बरेचसे वाट पाहत बसतात. इंटेलनं तर आयरिस एक्सई या नावालाच ड्युअल चॅनेलची अट घातली आहे. एकच चॅनेल असेल, तर तीच चिप नुसती ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून ओळख देते.

तपासायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. टर्मिनलमध्ये रूटच्या अधिकारानं डीएमआयडीकोड चालवून मेमरीचा भाग वाचा. एका स्लॉटसमोर ८ जीबी आणि दुसऱ्यासमोर ‘नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड’ दिसलं, तर दुखणं सापडलं. सगळी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर दुसरी स्टिक बसवण्याचा मार्ग बंद; मग पिक्सेल कमी करायचे.

१९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६००, निम्म्याहूनही कमी. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर ६० फ्रेमसाठी नुसतं अंतिम चित्र एकदा लिहायलाच पहिल्या बाबतीत सेकंदाला जवळपास ४९८ मेगाबाइट लागतात, दुसऱ्यात २२१. खरा गेम तोच पिक्सेल अनेकदा रंगवतो, टेक्स्चर वाचतो ते वेगळंच. गेमस्कोप या साधनात गेम ७२० ला चालवून एफएसआरनं चित्र १०८० पर्यंत ताणता येतं. बारीक अक्षरं थोडी मऊ दिसतात, पण हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटतो.

आता वॅट. पातळ लॅपटॉपमधल्या बऱ्याच चिपना १५ वॅटची मर्यादा असते आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांचं ताट एकच. ‘प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडू शकतो. प्रोसेसर विनाकारण वरच्या वेगानं धावतो आणि ग्राफिक्सच्या वाट्याची वीज खातो. फेरल इंटरॅक्टिव्हच्या गेममोडमध्ये याची मुद्दाम सोय आहे. इंटिग्रेटेड ग्राफिक्सचा वीजवापर प्रोसेसरच्या तुलनेत ०.३ च्या पुढे गेला, की तो गव्हर्नर पॉवरसेव्हवर आणतो. हा आकडा ज्यांनी ठरवला, त्यांनी दुखण्याची नाडी बरोबर पकडली आहे.

फ्रेमची मर्यादाही याच कारणासाठी घालावी. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंदांत, ६० ला १६.७ मध्ये. यांचा बरोबर मध्य ४५ असं वाटतं, पण वेळेत मोजलं तर तो २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम. तुमचा स्क्रीन ४० हर्ट्झवर चालत असेल तर हाच आकडा निवडा. नाहीतर ६० हर्ट्झवर स्थिर ३० बरे.

ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच, म्हणजे मेसा, मात्र ताजा ठेवा. व्हॅल्व्हनं बनवलेला एसीओ शेडर कंपायलर २०२० मध्ये २०.२ आवृत्तीपासून एएमडी ग्राफिक्सच्या आरएडीव्ही ड्रायव्हरमध्ये आपसूक चालू झाला. जुन्या डिस्ट्रोवर अडकलेल्यांना तो आपसूक मिळालाच नाही.

आणि स्टीम डेक पाहा. २०२२ चं हे यंत्र लिनक्सवरच चालतं, इंटिग्रेटेड ग्राफिक्सवरच, आणि चिप १५ वॅटच्या आत. पिक्सेल १२८० बाय ८००, मेमरीचा वेग ८८ गीगाबाइट. २०२३ च्या ओएलईडी आवृत्तीत पिक्सेल तेवढेच, वॅट तेवढेच, ग्राफिक्सची ८ युनिटही तीच. मेमरीचा वेग मात्र १०२.४ केला.