नवा टर्बो बसवला तरी गाडी निळा धूर का सोडते? कमी बजेटमध्ये टर्बो इंजिन बांधायचं गणित

सेकंड हँड डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर घेतली की काही महिन्यांत हमखास कानावर पडणारं एक वाक्य आहे, "टर्बो गेला." पिकअप कमी झालेला असतो, मागून निळा धूर येत असतो, डिपस्टिकवर ऑइल खाली गेलेलं असतं. मग उसनवारी करून टर्बो बदलला जातो. गाडी थोडे दिवस छान पळते आणि पुन्हा तोच धूर.

असं का होतं? आणि इंजिन खोलायची वेळ आलीच, तर मोजक्या पैशांत ते टिकाऊ कसं बांधायचं? समजून घेऊया.

आधी इंजिनाची ओळख

आपण ज्या इंजिनाबद्दल बोलतोय ते फियाटचं 1.3 मल्टीजेट डिझेल. 1248 सीसी, चार सिलिंडर. मारुतीने याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं, म्हणून गाडीवेडे त्याला गमतीने 'नॅशनल इंजिन' म्हणतात. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. 2020 मध्ये बीएस 6 चे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, अनेक घरांचं पोट त्यांच्यावर चालतं.

टर्बोचं सगळं आयुष्य ऑइलवर

सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो हवा दाबून इंजिनात ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातूनही चांगली ताकद मिळते.

हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. एवढ्या वेगात तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल बारीक पाइपातून दाबाने येतं आणि काम झालं की आपल्या वजनानेच खाली चेंबरमध्ये उतरतं. खरी गोम इथेच आहे.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला वायू खाली चेंबरमध्ये शिरतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन मारतं'. चेंबरमध्ये दाब वाढला की टर्बोतून खाली येणाऱ्या ऑइलची वाट अडते. ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं, इंजिनात जळतं आणि निळा धूर येतो. दिसताना गुन्हेगार टर्बो दिसतो, पण दुखणं खाली रिंगांमध्ये असतं. दुसरी शक्यता म्हणजे ऑइलच्या पाइपात कार्बन साचलेला असतो. तो तसाच ठेवला तर नवा टर्बोही तहानलेला राहून मरतो.

त्यामुळे टर्बोची ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. गरम इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून उघडा. जोरात भकाभका वाफ येत असेल तर संशय रिंगांवर. मग मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर नुसता टर्बो बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

इंजिन खोललं, आता पैसे कुठे घालायचे?

*मोजमाप.* हे बिलातलं सगळ्यात स्वस्त काम आणि नेमकं हेच टाळलं जातं. बोअर वरून, मधून आणि खालून गेजने मोजायला सांगा. तो वर जास्त झिजला असेल किंवा लंबगोल झाला असेल, तर नुसत्या नव्या रिंगा टाकून उपयोग नाही. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवी स्लीव्ह हाच मार्ग. झीज मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात, म्हणजे मोजल्यामुळे पैसे वाचूही शकतात.

*क्रँक आणि बेअरिंग.* क्रँक आणि बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीच्या आसपास असते. ती जास्त झाली की ऑइलचा दाब पडतो आणि दाब पडला की आधी टर्बो भोगतो.

*रिंगांची फट.* रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मॅन्युअलप्रमाणे आहे का ते बघावं लागतं. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर आदळतात आणि पिस्टन फुटू शकतो.

*हेड.* हेड सपाट आहे का, कुठे तडा आहे का, हे लेथवर तपासून घ्या. हेड गॅस्केट आणि हेड बोल्ट नवेच घ्या. कोन मोजून आवळायचे बोल्ट एकदा ताणले गेले की त्यांचा भरवसा राहत नाही.

*टायमिंग चेन.* या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत ती ढिली पडते. इंजिन खोललेलंच आहे, तर चेन आणि टेन्शनर आत्ताच बदला.

*साफसफाई.* ऑइलची जाळी, टर्बोचे पाइप आणि इंटरकूलर. इंटरकूलरमध्ये जुनं ऑइल साचलेलं राहिलं, तर नवं इंजिन ते ओढून इंधनासारखं जाळू शकतं. अशा वेळी चावी बंद केली तरी डिझेल इंजिन थांबत नाही, वेड्यासारखं पळत सुटतं.

पैसे कुठे वाचवायचे?

टर्बोचा शाफ्ट हलत नसेल, पंख्याची पाती शाबूत असतील, तर तो साफ करून पुन्हा बसवता येतो. इंजेक्टर सरसकट बदलू नका, आधी बेंचवर टेस्ट करा. जुन्या बाजारातून अख्खं इंजिन आणायचा विचार असेल, तर त्याचा इतिहास कोणालाच माहीत नसतो हे लक्षात ठेवा. शिवाय इंजिन नंबर बदलतो, म्हणून आरटीओत नोंद करावी लागते. ती नसेल तर विम्याचा क्लेम अडू शकतो.

आणि सगळ्यात आधी आरसी बघा. खासगी गाडीला 15 वर्षं होत आली असतील, तर फिटनेस तपासणी आणि नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही हिशेबात धरा.

75 चे 90 करायचे का?

स्विफ्टमध्ये हे इंजिन 75 पीएस देतं. अर्टिगा आणि मांझामध्ये याच 1248 सीसीतून 90 पीएस मिळतात, कारण तिथे व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो आणि त्याला जुळणारं ट्यूनिंग आहे. म्हणजे इंजिनात दम आहे. पण झिजलेल्या इंजिनावर रिमॅप करणं म्हणजे दमेकऱ्याला डोंगर चढायला लावणं. दाब आणि उष्णता वाढते, क्लचवरही ताण येतो. बजेट कमी असेल तर कंपनीने दिलेले 75 पूर्ण परत मिळवा. झिजलेली गाडी तेवढे देतच नसते, त्यामुळे फरक पायाखाली जाणवतो.

पहिला स्टार्ट आणि पहिले 1000 किलोमीटर

पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून, थांबून थांबून स्टार्टर मारायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्याआधी टर्बोत वरून थोडं ऑइल ओतायचं. नाहीतर पहिल्या काही सेकंदांतच तो कोरडा फिरतो.

पहिले 1000 किलोमीटर फार रेस नको, पण तासन्‌तास आयडलवरही ठेवू नका. रिंगा बसायला मध्यम लोड लागतो. मग ऑइल आणि फिल्टर बदला, पुढेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वेळेवर टाका. कसारा किंवा खंबाटकी घाट चढून थांबलात, तर एखादा मिनिट इंजिन चालू राहू द्या. चावी लगेच फिरवली तर तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागीच जळून कार्बन होतं.

थोडक्यात, मिस्त्रीला "नवा टर्बो केवढ्याला?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "बोअर किती झिजलाय, मोजून दाखवता का?"