बाळ रात्रभर कुरकुरतं, तेव्हा उठायचं कधी?

मंडळी, १ जूनला बंदी लागली, ट्रॉलर धक्क्याला आले, आणि आपले बरेच जण आता महिना-दोन महिने रात्री घरीच आहेत. ज्यांच्या घरी नवं बाळ आलंय त्यांची मात्र झोप उडालीय. जाळी दुरुस्त करायला बसलं की हाच विषय. "एवढंसं पोर, पण रात्रभर घोरतं, कुंथतं, मध्येच किंचाळतं. बायको दर पाच मिनिटांनी उठून बघते. मी उठलो नाही की म्हणते, तुम्हाला ऐकूच येत नाही का?" काही घरांत उलट. बाळंतीण दमून झोपली, बाळ जरा कुरकुरलं, तर सगळे तिलाच बोलतात, "पोटची आई आणि जाग येत नाही?"

आमचं म्हणणं असं की बाळाचा प्रत्येक आवाज म्हणजे हाक नव्हे. प्रत्येक आवाजाला उठलं तर आईही झोपत नाही आणि बाळही. पण कुठल्या आवाजाला उठायचंच, हे घरातल्या प्रत्येकाला नीट ठाऊक हवं.

हे आपल्या माणसांना शिकवायला नको. इंजिनाची धडधड चालू असताना खलाशी फळीवर गाढ झोपतो. तेच इंजिन जरा वेगळं वाजू दे, तांडेलाने सांगायच्या आत तो उठून बसलेला असतो. कान झोपेतही ऐकत असतो, त्याला नेहमीचा आवाज कुठला ते ठाऊक असतं, एवढंच. बाळाचंही तसंच. पहिले दोन-तीन आठवडे त्याचे आवाज नवे असतात म्हणून दचकायला होतं. एकदा ओळख झाली की आई फुरफुरीत झोपते आणि खऱ्या रडण्याला जागी होते. यात तिची काही चूक नाही.

नवं बाळ दिवसाचे १६ तासांच्या आसपास झोपतं, पण त्यातली जवळपास अर्धी झोप हलकी, चळवळी असते. त्यात पापण्यांखाली डोळे फिरतात, हातपाय उडतात, तोंड वाकडं होतं, हसू येतं, हुंदका येतो. आपल्याकडे म्हणतात सटवाई हसवते, सटवाई रडवते. म्हणजे आपल्या आज्यांनीही हे बघितलं होतं आणि त्या बाळाला उचलायला धावत नव्हत्या! अशा वेळी उचललं तर झोपलेलं बाळ आपणच जागं करतो आणि मग तासभर झुलवत बसतो.

नाकाचंही तसंच. बाळ बहुतेक नाकानेच श्वास घेतं आणि नाकाची वाट असते अरुंद. थोडा शेंबूड असला तरी घोरल्यासारखं वाजतं. शी करायच्या आधी तोंड लाल करून कुंथतं, शिंकतं, उचकी लागते. हे सगळं चालतं. पण म्हणून नाकात तेल सोडू नका. ते तेल फुप्फुसात जाऊ शकतं. आणि बाळंतिणीच्या खोलीत धुरी, शेगडीचा धूर तर अजिबात नको.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो श्वास. बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, आणि पुन्हा सुरू करतं. आई-बापाच्या पोटात गोळा येतो. पण रंग बदलत नसेल आणि श्वास आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर नव्या बाळात हे नेहमीचं आहे.

मग करायचं काय? आवाज आला की लगेच दिवा लावू नका. आपण दहा श्वास घ्यावे एवढा वेळ थांबा आणि ऐका. डोळे मिटलेले आहेत, आवाज येतो-जातो आहे, तर राहू द्या. बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे फिरवतंय, मूठ चोखतंय, तर भूक आहे. रडायची वाट न बघता पाजायला घ्या. आणि रडायला लागलं तर उठायचंच. "रडून रडून झोपेल" हा प्रकार एवढ्या लहान बाळाशी करू नये.

एक मात्र उलटं. जन्मल्यावर बाळाचं वजन थोडं उतरतं, ते पुन्हा भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर बाळ रात्रभर गुपचूप झोपलं म्हणून खूश होऊ नका. दर तीन तासांनी उठवून पाजा. कमी वजनाचं किंवा काविळीचं बाळ असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तसलं बाळ भूक लागली तरी रडतंच असं नाही.

आता खरं इंजिन बिघडल्याचे आवाज. कुंथणं अधूनमधून होतं, कण्हणं दर श्वासाला होतं. बाळ प्रत्येक श्वास सोडताना कण्हत असेल, श्वास घेताना छाती खाली आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. शंका आली तर अंगडं वर करा, बाळ शांत असताना मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून पोटाची हालचाल मोजा. ६० किंवा जास्त भरली तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढीच आली तर निघा. ओठ-जीभ निळी पडणं, श्वास २० सेकंद थांबणं, दूध न ओढणं, झटके, हलवल्याशिवाय न हलणं, तळहात-तळपाय पिवळे होणं, काखेत ताप ३७.५ अंश सेल्सिअस (फॅरनहाइटमध्ये ९९.५) किंवा जास्त, नाहीतर अंग गार पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. मध्यरात्र असली तरी.

झोपायच्या जागेचंही बोलू, कारण हे कोणी स्पष्ट सांगत नाही. बाळाला उताणं झोपवा, आपल्याच खोलीत, पण वेगळ्या घट्ट गादीवर. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नकोत. दारू प्यायलेल्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाने बाळाच्या शेजारी झोपायचं नाही. वाईट वाटो की न वाटो. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं तर आणखी धोक्याचं.

बाळंतिणीकडेही लक्ष असू द्या. बाळ झोपलेलं असूनही तिला झोप लागत नाही, दोन आठवडे झाले तरी रडू थांबत नाही, काहीच नको वाटतं, तर ते नाटक नव्हे, आजार असू शकतो. आरोग्य केंद्रात नर्सताईंना सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

बंदीच्या दिवसांत बापाने अर्धी रात्र घ्यावी. दूध आईने पाजायचं, पण लंगोट बदलणं, ढेकर काढणं, पुन्हा झोपवणं त्याला जमतं. जाळं सांभाळणाऱ्या हातांना दुपटं काय जड?

ऑगस्टला बोटी सुटतील तेव्हा मात्र गणित बदलतं. पहाटे निघायचं असेल त्या रात्री बापाने दुसऱ्या खोलीत झोपावं, आणि बाळंतिणीजवळ आई, सासू नाहीतर नणंद असावी. बोटमालकांनो, ज्या खलाशाच्या घरी महिन्याभराचं बाळ आहे त्याला पहिल्या फेऱ्यांना रात्री सुकाणूवर एकटा ठेवू नका. जोडीला दुसरा माणूस द्या, आणि तो घरी जाऊन येतो म्हणाला तर त्याला जाऊ द्या.